ए-20 ची तार आणि क्लोन पीसींची सुसंगतता

आयबीएम कंपनीचा मूळ पीसी 1981 मध्ये बाजारात आला आणि त्याच्या बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू करून त्याचे भाग हाताळणाऱ्या मूलभूत प्रोग्रामचा, सोर्स कोड तांत्रिक पुस्तिकेत छापून दिलेला होता. तरीही त्यावर स्वामित्वहक्क असल्याने क्लोन, म्हणजे त्याच्यासारखे चालणारे पीसी, बनवणाऱ्या उत्पादकांना एका गटाकडून वर्तनाचे वर्णन लिहून घ्यावे लागे आणि मूळ कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाकडून नवा बायोस लिहवून घ्यावा लागे. डॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते म्हणजे यंत्र ‘कंपॅटिबल’ ठरते, हा समज फार टिकला नाही, कारण वेगासाठी बायोस टाळून थेट व्हिडिओ मेमरीत लिहिणारे प्रोग्राम अशा अर्धवट सुसंगत यंत्रांवर कोलमडत.

खरा गुंता त्याच कंपनीच्या 1984 च्या एटी या पीसीपासून सुरू झाला. मूळ पीसीतल्या 8088 प्रोसेसरला मेमरीतल्या पत्त्यांच्या 20 तारा असल्याने 1 मेगाबाइटच्या पुढचा पत्ता गुंडाळून पुन्हा शून्यावर येई, आणि खुद्द डॉसची एक जुनी सोय यावर विसंबून होती. एटीतल्या 80286 प्रोसेसरला 24 तारा असल्याने हे गुंडाळणे आपोआप थांबले. तेव्हा एकविसावी तार, म्हणजे (मोजणी शून्यापासून असल्याने) ए-20, गरजेनुसार दाबून ठेवण्याचे फाटक बसवले गेले; मात्र त्याचे नियंत्रण कीबोर्ड कंट्रोलरच्या मोकळ्या पिनकडे सोपवले गेले. हा निर्णय काटकसरीचा होता हे मान्य केले, तरी तो दूरदृष्टीचा होता असे म्हणवत नाही, कारण तो कंट्रोलर अतिशय मंद होता. 1987 मध्ये मूळ कंपनीनेच वेगळ्या पोर्टवरून चालणारा जलद मार्ग आणला, काही क्लोन उत्पादकांनी स्वतःच्या पद्धती काढल्या, आणि मेमरी हाताळणाऱ्या ड्रायव्हरला यंत्राचा प्रकार सांगणारा स्विच द्यावा लागला. यंत्र ओळखण्यात चूक झाली, तर दोष मात्र क्लोनच्या माथी मारला जाई.

1991 च्या डॉस 5 ने स्वतःचा काही भाग 1 मेगाबाइटच्या वरच्या पट्ट्यात हलवल्यावर खालची मेमरी मोकळी झाली. तेव्हा एका पॅकिंग साधनाने आवळलेले जुने प्रोग्राम अगदी खालच्या 64 किलोबाइटमध्ये येऊ लागले. ते स्वतःला उलगडताना पत्ता गुंडाळला जाण्यावर विसंबत असल्याने, ए-20 खुली असली की ‘पॅक्ड फाइल इज करप्ट’ असा संदेश देऊन थांबत. फाइल बहुधा शाबूतच असे. ती मेमरीत थोडी वर चढवण्यासाठी ‘लोडफिक्स’ ही वेगळी आज्ञा डॉसमध्येच घालावी लागली. पुढे 486 प्रोसेसरच्या चिपवरही या एका तारेसाठी स्वतंत्र पिन राखून ठेवण्यात आली.