भोक आणि भोकाचं चित्र

पहिल्यांदा बॅटरी जोडून ट्रिगर दाबला, तेव्हा आमच्या रिमोटवरच्या छोट्या गाडीनं जातं फिरवल्यासारखा आवाज काढला. मोटर नवी होती, बेअरिंगं नवी होती आणि गिअर तर डोळ्यांना अगदी जुळ्या भावांसारखे दिसत होते. तरी दहा सेकंदांत टेबलावर पांढऱ्या प्लॅस्टिकचा भुगा पडला. आम्ही पाचजण आपापल्या घरी बसून स्क्रीनवर तो भुगा बघत होतो. कुणीच काही बोलेना.

घोडं पेंड खात होतं ते दातांपाशी. मोटरच्या दांड्यावर बसणारा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, आम्ही विकत घेतलेला. तो ४८ पिचचा. त्याला फिरवायचा मोठा स्पर गिअर मी स्वतः आखलेला आणि थ्री-डी प्रिंटरवर छापलेला. तो ०.५ मॉड्यूलचा. पिच म्हणजे गिअरच्या व्यासातल्या दर इंचामागे किती दात, आणि मॉड्यूल म्हणजे एकेका दाताच्या वाट्याला व्यासाचे किती मिलिमीटर. एकच गोष्ट, दोन उलट्या बाजूंनी सांगितलेली. २५.४ ला ४८ नं भागा, ०.५२९ येतात. म्हणजे माझ्या गिअरवर दोन दातांमधलं अंतर १.५७ मि.मी. आणि विकतच्या गिअरवर १.६६. फरक केसाच्या जाडीएवढा, पण मिनिटाला हजारो फेरे फिरताना तेवढा पुरतो. गंमत म्हणजे ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल एकमेकांत बऱ्यापैकी चालून जातात, कारण ३२ पिच म्हणजे ०.७९४. त्या अनुभवावर विसंबून मी ‘सगळं चालतं’ असं धरून बसलो होतो.

रिमोटवरची गाडी स्वतः बनवणं यात आता फार नवल राहिलेलं नाही. प्रिंटर आहे, मोटर मिळते, आणि इतरांनी फुकट वाटलेले आराखडेही मिळतात. आम्हाला मात्र गाडी नव्हे, किट बनवायचं होतं: पिशवीत भरलेले सुटे भाग आणि एक पुस्तिका, जी घेऊन अनोळखी माणसानं एकट्यानं बसावं आणि उठताना त्याच्या हातात गाडी असावी. शिवाय ते पाचजणांनी मिळून बनवायचं होतं. पुढची आमची जवळपास सगळी भांडणं सुट्या भागांवरून झालीच नाहीत. ती झाली दोन भाग जिथं भेटतात त्या जागांवरून. प्रत्येकाचा भाग उत्तमच होता, फक्त तो शेजारच्याच्या भागात बसत नव्हता.

म्हणून भुग्यानंतर आम्ही आधी एक यादी केली: काय आपण ठरवायचं नाही. १:१० मापाच्या, म्हणजे खऱ्या मोटारीच्या दहाव्या हिश्श्याच्या, गाड्यांत बऱ्याच गोष्टी जगानं आधीच ठरवून टाकल्या आहेत. चाक ज्या षटकोनी गुटक्यावर बसतं तो १२ मि.मी.चा. मोटर ५४० आकाराची, अंदाजे ३६ मि.मी. व्यासाची, आणि तिला आवळायची दोन भोकं एकमेकांपासून २५ मि.मी.वर. तिचा दांडा मात्र ३.१७ मि.मी., म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिलिमीटरच्या घरात इंच असा पाहुण्यासारखा येऊन राहिलाय. बेअरिंग ५ मि.मी. भोकाचं, १० मि.मी. बाहेरचं, ४ मि.मी. जाड. स्क्रू एम-३, म्हणजे ३ मि.मी. जाडीचे. या मापांशी वाद घालायचा नाही, असं ठरल्यावर अर्धी डोकेदुखी गेली. उरलेली अर्धी प्रिंटरनं पुरवली.

आमच्या गटात एक काका आहेत. आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं बनवण्यात गेलं, निवृत्तीनंतर प्रिंटर घेतला. बेअरिंग बसत नाही म्हणून मी एकदा तक्रार केली, “काका, मी खोबण बरोबर १० मि.मी.ची ठेवलीय हो.” ते शांतपणे म्हणाले, “अरे, तू भोक मोजलंस की भोकाचं चित्र मोजलंस?”

व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, लावून बघितलं तर ९.८. छापलेलं भोक जवळजवळ नेहमीच आखल्यापेक्षा लहान येतं, आणि त्याला कारणंही साधी आहेत. तोटीतून येणारा वितळलेल्या प्लॅस्टिकचा धागा वळणावर आतल्या बाजूला ओढला जातो. थंड होताना प्लॅस्टिक आकसतं. आणि प्रिंटरकडे जाणाऱ्या फाइलमध्ये वर्तुळ हे वर्तुळ नसतंच, अनेक बाजूंची चौकट असते, जिच्या सरळ बाजू खऱ्या वर्तुळाच्या आतून जातात. या तिन्हींचा वाटा प्रत्येक यंत्रावर वेगळा. मग एकाच्या घरी जुळवलेलं माप दुसऱ्याच्या घरी चालणार कसं?

काकांनी यावर काढलेला उपाय मला या सगळ्या प्रकल्पातला सर्वात हुशार भाग वाटतो. त्यांनी एक पट्टी आखली, काडेपेटीपेक्षा थोडी लांब. तीत सहा भोकं: ९.९, १०.०, १०.१ असं करत १०.४ पर्यंत, आणि प्रत्येकाखाली त्याचा आकडा उठावात. गाडीचा कुठलाही भाग छापण्याआधी ही पट्टी छापायची, हातात बेअरिंग घ्यायचं आणि अंगठ्याच्या दाबानं कुठल्या भोकात बसतं ते बघायचं. हातोडी लागली तर घट्ट, उलटं धरल्यावर पडलं तर सैल. आमच्या पाच यंत्रांवर उत्तरं आली १०.१, १०.२, १०.२, १०.१ आणि १०.३. आपापला तो एकच आकडा फाइलमध्ये भरला, की गाडीतली सगळी बेअरिंगांची घरं त्याप्रमाणे बदलतात.

एका सांध्याचं असं भागलं. पण सांधे रांगेत आले की चुका साठत जातात. मागच्या गिअरबॉक्समध्ये एकाच आसावर पाच वस्तू शेजारी शेजारी बसतात. प्रत्येकीत ०.२ मि.मी. इकडचं तिकडं धरलं, तर सगळ्या चुका एकाच बाजूला पडल्यास पुरा १ मि.मी. फरक होतो. तसं क्वचित घडतं. थोड्या चुका इकडं, थोड्या तिकडं पडतात, आणि हिशेब वर्गमुळानं करायचा असतो: पाचचं वर्गमूळ गुणिले ०.२, म्हणजे साधारण ०.४५. तरीही अर्धा मिलिमीटर सैल आस कुणाला हवा? म्हणून तिथं ०.२ मि.मी. जाडीच्या पातळ वायशर घालायच्या, ढिलाई हाताला लागेल त्याप्रमाणे एक, दोन किंवा तीन. या वायशर पुढं पुन्हा येणार आहेत.

फाइलींचा एक किस्सा सांगून टाकतो. प्रिंटिंगसाठी सर्रास वापरली जाणारी एसटीएल फाइल १९८७ च्या सुमाराची. तिच्यात फक्त त्रिकोण असतात आणि नुसते आकडे, एकक नसतंच. आमच्यातल्या एकीनं चाक पाठवलं, दुसऱ्याच्या संगणकानं ते आकडे इंच समजून उघडले, आणि ६४ मि.मी.चं चाक झालं १ मीटर ६२ सेंटिमीटरचं. त्यानंतर आपसात देवाणघेवाण करायची ती स्टेप फाइलची, जिच्यात एककही असतं आणि वर्तुळ वर्तुळच राहतं. एसटीएल फक्त छापताना.

आता जरा गाडीच्या स्वभावाबद्दल. गटात दोन पक्ष होते. एकाचं म्हणणं, खऱ्या मोटारीचं सस्पेन्शन दहापट लहान करा, झालं. ऐकायला बरोबर वाटतं. पण दुसरा पक्ष म्हणे, लांबी दहापट कमी झाली की क्षेत्रफळ शंभरपट आणि वजन हजारपट कमी होतं. दीड हजार किलोच्या मोटारीची प्रतिकृती दीड किलोची, आणि आमची गाडी खरोखरच त्याच्या आसपास भरली. ताकद क्षेत्रफळावर ठरते, भार वजनावर. म्हणून लहान गाडी आपल्या वजनाच्या मानानं दहापट दणकट असते. टेबलावरून पडली तरी उठून पळते. मोटार आपल्या उंचीच्या दुपटीवरून खाली टाकून बघायचं धाडस कोण करील?

गुरुत्वाकर्षण मात्र लहान होत नाही. त्यामुळे लहान गाडीचा काळ वेगानं पळतो, दहाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सव्वातीनपटीला थोडा कमी. मोटार कलंडायला एक सेकंद घेत असेल, तर ही तिसऱ्या हिश्श्यात पालथी. चालवणाऱ्याचे डोळे आणि बोटं मात्र पूर्ण मापाची. म्हणून शॉकमधलं, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळ्यांमधलं, तेल आणि पिस्टनची भोकं खऱ्या मोटारीवरून बेतता येत नाहीत, ती प्रयोगानंच ठरतात. हौशी मंडळींची ‘स्केल स्पीड’ची फुशारकीही यातच विरघळते. आमच्या मोटरवर ३३०० केव्ही असं लिहिलंय, म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे. दोन सेलची ७.४ व्होल्टची बॅटरी लावली की २४,४२० फेरे. गिअरांनी ते आठपट कमी केले, चाक ६४ मि.मी.चं, तर कागदावर वेग येतो तासाला ३७ किलोमीटरच्या आत. याला दहानं गुणून “आमची गाडी ३७० नं पळते” असं सांगणारे भेटतात. वर्गमुळानं गुणलं तर ११६. म्हणजे मोकळ्या रस्त्यावरच्या मोटारीइतकी, आणि बघताना ती तशीच वाटते.

स्टिअरिंगवरून तर दोन आठवडे गेले. वळणावर आतलं चाक लहान वर्तुळावर फिरतं, बाहेरचं मोठ्या, त्यामुळे दोघांना सारखं वळवलं तर एक फरफटणारच. घोडागाडीच्या काळातच म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गरनं १८१७ मध्ये यावर तोड काढली, आणि इंग्लंडमध्ये तिचं पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ अॅकरमन यांनी घेतलं. नाव राहिलं पेटंटवाल्याचं. आमच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या आसांत २५७ मि.मी., आणि पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खिळ्यांत १६०. एक मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं तर आतलं चाक १५.६ अंश वळायला हवं, बाहेरचं १३.४. फरक जेमतेम सव्वादोन अंशांचा. एकाचा हट्ट होता की तो काटेकोर हवा. दुसरा म्हणे, जोरात वळताना टायर घसरतच चालतात, मग तुझ्या भूमितीला विचारतो कोण? दोघंही बरोबर होते. शेवटी स्टिअरिंगच्या पट्टीवर एकाऐवजी तीन भोकं ठेवली. जोडणारा ठरवील चाकाकडं जाणारी काडी कुठं अडकवायची ते. किटमध्ये न सुटलेली भांडणं अशी भोकं होऊन राहतात.

रेडिओत आम्ही फारसं डोकं घातलं नाही. २.४ गिगाहर्ट्झचे तयार सेट उत्तम चालतात. एकच चूक केली. दिमाखासाठी चॅसी, म्हणजे गाडीचा तळ, कार्बन फायबरची कापली आणि अँटेना तिच्यावरच चिकटवली. कार्बन फायबर वीजवाहक आहे, ते रेडिओलहरी अडवतं. गाडी थोडी लांब गेली की ऐकेनाशी व्हायची. या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे अँटेनाचं कामाचं टोक तिच्या चौथाईचं, फक्त ३१ मि.मी.चं. ते एका नळीतून उभं केलं आणि प्रश्न संपला. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या सेटला हाच चौथा हिस्सा पावणेतीन मीटरचा झाला असता. तेव्हाच्या गाड्यांना लांबलचक तारा का असत ते यावरून कळतं.

गाडी पळू लागली. मग तिचं किट करायला जवळजवळ तितकाच वेळ गेला, आणि तो वेळ बहुतेक भाग कमी करण्यात गेला. डावा आणि उजवा नकल, म्हणजे पुढचं चाक धरून वळणारा भाग, वेगवेगळे होते. तो असा फिरवून आखला की एकच भाग दोन्हीकडं चालतो, चुकीला जागाच नाही. तो उभा छापला तर पहिल्याच धडकेत थरांच्या रेषेवर तुटायचा, म्हणून आडवा छापायचा. मोटरची पट्टी प्रिंटरवरच्या पीएलए प्लॅस्टिकची होती. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मोटर त्याहून सहज तापते. पट्टी अॅल्युमिनियमची झाली.

सगळ्यात घातकी निघाले स्क्रू. आमच्याकडं नऊ लांब्यांचे होते. मोटरला ८ मि.मी.चा लागतो. तिथं चुकून १२ चा आवळला तर तो आत जाऊन तांब्याच्या गुंडाळीला भिडू शकतो. पिशवीत दोन्ही शेजारी पडलेले असताना हे कुणाला दिसणार? प्लॅस्टिकच्या जाड्या बदलून बदलून नऊ लांब्यांच्या तीन केल्या: ८, १४ आणि २२. या डोळ्यांनीच ओळखू येतात.

मग परीक्षा. गटातल्या एकीच्या धाकट्या बहिणीनं कधी पाना धरलेला नव्हता. तिच्यापुढं पिशवी आणि पुस्तिका ठेवली आणि नियम एकच, आम्ही बोलायचं नाही. काका पडद्यावर ओठ दाबून बसलेले. तिसऱ्या पायरीला तिनं भाग उलटा धरला, पण तो उलटा बसेचना, म्हणून तिनं आपणच फिरवला. काकांनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत गाडी उभी राहिली, पळाली, सरळ पळाली. आम्ही टाळ्या वाजवत असताना तिनं तळहात कॅमेऱ्यासमोर धरला.

“या तीन वायशर उरल्यात. चालेल ना?”

पुस्तिका उघडली. चौदाव्या पायरीच्या चित्रात त्या होत्या, पण बेअरिंगच्या मागं, आणि बेअरिंग पुढून दाखवलेलं, त्यामुळे त्या झाकलेल्या. तिच्या बाजूनं चित्र अगदी बरोबर पाळलं गेलं होतं. काका आता त्या पायरीसाठी गिअरबॉक्स उभा कापून आतलं दाखवणारं चित्र काढतायत.