भिजणारे पंख, बुडणारा पक्षी

नाशिकजवळच्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात दुर्बिणी वळतात त्या पाहुण्या बदकांकडे आणि करकोच्यांकडे. पाण्यातल्या वाळक्या खोडावर पंख पसरून बसलेल्या पाणकावळ्याला कोण विचारतो? रंग काळा, वर नावात कावळा. खरं तर कावळ्याशी त्याचं नातं काहीच नाही, पण युरोपातल्या लोकांनीही त्याला ‘समुद्रकावळा’च ठरवलं; इंग्रजीतलं ‘कॉर्मोरंट’ त्याच अर्थाच्या लॅटिन शब्दांतून आलं. आपल्याकडे मात्र तो गोदावरी-कादवाच्या संगमावर, गंगापूर धरणावर, गोड्या पाण्यातच मजेत राहतो.

पंख वाळवायला बसतो, हे बरोबर. पण ‘त्याच्याकडे पंखांना लावायला तेलच नसतं’ हे जे ठोकून दिलं जातं, ते चूक. शेपटीच्या मुळाशी तैलग्रंथी त्यालाही असते. खरी गोम पिसांच्या घडणीत आहे. पिसाची बाहेरची कड सैल विणीची, म्हणून पाणी शोषते; मधला भाग घट्ट, तिथे पाणी शिरत नाही. त्यामुळे अंगालगत हवेचा पातळ थर कोरडा राहतो आणि बाकीचं पीस भिजून जड होतं. बदकाच्या पिसांत भरपूर हवा अडकते, म्हणून ते बुचासारखं तरंगतं. पाणकावळ्याला तरंगायचं नसतंच, त्याला माशामागे खाली जायचं असतं. भिजणं ही त्याची उणीव नव्हे, सोय आहे.

पाण्याखाली तो पंख अंगाशी मिटतो आणि पायांनी वल्हवतो. चारही बोटं एकाच पडद्याने जोडलेली; बदकाची पुढची तीनच असतात. बाहेरच्या नाकपुड्या बंद, श्वास चोचीतून. टोकाला आकडा असलेल्या चोचीत मासा सापडला की वर येऊन तो डोक्याकडून गिळायचा, म्हणजे पर आणि काटे घशात अडकत नाहीत. न पचलेली हाडं-खवले नंतर गोळी करून बाहेर टाकतो. जपानमधल्या नागारा नदीवर तर हजाराहून अधिक वर्षं त्याच्या गळ्याला दोरी बांधून मासेमारी चालते. छोटे मासे पक्ष्याच्या पोटात, मोठे मालकाच्या टोपलीत. (पगार कमीच म्हणायचा.)

नाशिककरांना ओळखायचे तीन पाणकावळे: ‘छोटा’, आखूड चोचीचा; ‘भारतीय’, सडपातळ, हिरव्या-निळ्या डोळ्यांचा; आणि ‘मोठा’, बदकाहूनही थोराड, विणीच्या काळात मांडीवर पांढरा ठिपका मिरवणारा. मान फारच लांब आणि चोच सरळ भाल्यासारखी दिसली, तर तो त्यांचा भाऊबंद सर्पपक्षी. तोही पंख असेच वाळवतो.