स्केटबोर्डचे फोटो सगळे सारखेच का दिसतात, थोडी पार्श्वभूमी

आपल्याकडच्या पोरांचे स्केटबोर्डचे फोटो बघितले, सिडकोतल्या सिमेंट रोडवरचे म्हणा नाहीतर नांदेडला घाटाच्या पायऱ्यांवरचे म्हणा, तर जागा आपली असते पण फोटो कॅलिफोर्नियाचा वाटतो. कॅमेरा जमिनीला टेकवलेला, लेन्स फिशआय (माशाच्या डोळ्यासारखी गोल, खूप रुंद दाखवणारी आणि कडा वाकवणारी) नाहीतर फोनची 0.5 ची रुंद लेन्स, रस्ता वाकडा झालेला, बूट डोक्यापेक्षा मोठे, आणि मागं कुठला चौक आहे ते ओळखू येईल तर शपथ. ही फ्रेम काही आभाळातून पडलेली नाही. तिच्या मागं साठेक वर्षांचा इतिहास आहे, त्यात दुष्काळ आहे, मासिकांचे नियम आहेत, फ्लॅशच्या अडचणी आहेत, आणि ज्यांना आज आपण "काय स्टाईल आहे राव" म्हणतो ते बहुतेक फोटोग्राफर त्या त्या अडचणीतूनच घडलेत.

सुरुवात तशी साधीच होती. मे 1965 मध्ये अमेरिकेतल्या 'लाइफ' मासिकाच्या कव्हरवर पॅट मॅगी नावाची मुलगी बोर्डवर हातांवर उलटी उभी आहे, फोटो बिल एपरिजचा. एपरिज न्यूज फोटोग्राफर, त्याला हे नवीन फॅड दाखवायचं होतं, स्केटबोर्डिंगचा फोटो असा वेगळा प्रकार तेव्हा नव्हताच. चाकं तेव्हा पक्क्या मातीची असायची, रस्त्यात बारका खडा आला की बोर्ड जागेवर आणि माणूस पुढं. आपल्याकडं बहात्तरच्या दुष्काळात लोक रोजगाराच्या कामावर खडी फोडत होते साधारण त्याच सुमारास तिकडं फ्रँक नॅसवर्दीनं युरेथेनची (रबरासारख्या चिवट प्लास्टिकची) चाकं बाजारात आणली, ती खडबडीत जागेवरही पकड सोडत नव्हती, आणि मग पोरं कुठंही जायला लागली.

आणि मग त्यांचा दुष्काळ आला. 1976-77 ला कॅलिफोर्नियात पाणी कमी पडलं, बंगल्यांचे स्विमिंग पूल रिकामे झाले, सांता मोनिका आणि व्हेनिसकडची पोरं भिंतीवरून उड्या मारून त्या पूलांत उतरायला लागली. पूलाच्या भिंती खालून गोल आणि वर सरळ उभ्या, त्यामुळं लाटेवर चढल्यासारखं वर जाता यायचं, आणि यातली बरीच पोरं आधीची सर्फरच होती. आपण दुष्काळातली माणसं, लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते सगळ्यांना आठवतं, पण आपल्याकडं पाणी आटलं की उघडा पडतो तो शेततळ्यातला प्लास्टिकचा कागद, त्यावर चाक काय डोंबल चालणार.

आता या पूलांच्या काळातली तीन नावं लक्षात ठेवा, कारण नुसती ट्रिक (बोर्डवरची कसरत) न दाखवता पोरांचं जगणं टिपणाऱ्या डॉक्युमेंटरी फोटोची खरी सुरुवात माझ्या मते इथं होते.

क्रेग स्टेसिक. हा 'स्केटबोर्डर' मासिकात लिहायचा पण आणि फोटो पण काढायचा, लिहायला कधी कधी जॉन स्मिथ हे खोटं नाव. त्यानं नुसती ट्रिक दाखवली नाही, भिंतीवरची रंगरंगोटी, मोडकळीला आलेला समुद्रातला धक्का, पोरांची टोळी, त्यांचा माज, हे सगळं फ्रेममध्ये घेतलं, त्यामुळं सांता मोनिका-व्हेनिसकडचा 'डॉगटाउन' हा इलाखा जगाला माहीत झाला. दुसरा ग्लेन फ्रीडमन, हा त्या पोरांमधलाच, शाळकरी वयात त्याचे फोटो छापून यायला लागले, स्वतः पूलात चालवायचा म्हणून कुठल्या क्षणी बटण दाबायचं ते त्याच्या अंगात होतं, पुढं हाच पंक आणि हिपहॉप संगीतवाल्यांच्या फोटोंसाठी नावाजला. आणि तिसरा ह्यू हॉलंड, हा पूर्ण बाहेरचा. 1975 ला त्यानं लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅनियनमध्ये पाणी वाहून न्यायच्या सिमेंटच्या नाल्यात पोरं खेळताना बघितली आणि पुढची तीनेक वर्षं तेच काढत बसला. फिल्म वापरली ती सिनेमाची जुनी उरलेली, वेळ बहुतेक दुपार कलल्यानंतरची, त्यामुळं त्याचे फोटो सोनेरी, तांबूस दिसतात. आज तो रंग लोक फिल्टर लावून आणतात, त्याच्याकडं जी फिल्म होती तिचाच तो रंग होता. 1978 च्या आसपास पोरांच्या अंगावर कंपन्यांचे कपडे, हेल्मेट, पॅड दिसायला लागले आणि याचा इंटरेस्ट संपला.

मग मासिकांचा जमाना. 'थ्रॅशर' 1981 ला सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं, 'ट्रान्सवर्ल्ड' 1983 ला. आपण ज्याला स्केट फोटो म्हणतो तो नमुना इथं पक्का झाला. त्यातला मोठा नियम हा की पोरगा कुठून उडाला आणि कुठं उतरणार हे दोन्ही फोटोत दिसलं पाहिजे, आणि ट्रिक खरंच जमली असेल तरच फोटो छापायचा, नुसतं हवेत लटकलेलं चालत नाही. पूलाच्या काठावर किंवा पायऱ्यांच्या खाली फोटोग्राफरला मागं सरकायला जागाच नसते, म्हणून 15-16 मिमीची फिशआय, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 180 अंश बसतात, वर चार पायऱ्या दहासारख्या दिसतात हा बोनस. फ्लॅशचं गणित पण असंच. जुन्या एसएलआर (लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यात पडद्याचं शटर, फ्लॅशबरोबर 1/125 नाहीतर फारतर 1/250 सेकंदाच्या वर जाता येत नाही, तेवढ्यात दिवसाउजेडी उडी पुसट येते. म्हणून काही जणांनी हॅसलब्लॅड हा मोठ्या फिल्मचा कॅमेरा धरला, त्याच्या लेन्समधलंच शटर 1/500 ला पण फ्लॅशबरोबर चालतं, आणि फ्लॅश कॅमेऱ्यावर न ठेवता बाजूला स्टँडवर लावायचे. आकाश गडद, पोरगा चकचकीत, हा लूक तिथून आला. चांगलाच आहे, पण हजार लोकांनी तेच केलं की कोणाचा फोटो कोणता ते कळत नाही.

याला छेद देणारा फोटो त्याच मासिकांतून आला हे मला भारी वाटतं. जून 1987 च्या 'ट्रान्सवर्ल्ड'च्या कव्हरवर ग्रँट ब्रिटननं काढलेला टॉड स्वँक या स्केटरचा फोटो आहे, आणि त्यात ट्रिकच नाही, तो नुसता एका पायानं बोर्ड ढकलत चाललाय. बास. तो फोटो आज 'द पुश' म्हणून ओळखला जातो. नव्वदीत एड टेम्पलटननं हे अजून पुढं नेलं, तो स्वतः प्रोफेशनल स्केटर, टूरवर गाडीत झोपलेली, सिगारेट ओढणारी, कंटाळलेली पोरं काढायचा, आणि प्रिंटवर स्वतःच्या हातानं लिहायचा. खेळ चालू असतो तेवढाच वेळ कॅमेरा काढायचा हे त्यानं मानलंच नाही.

भारतात हे फार उशिरा आलं. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात 2015 ला सिमेंटचा स्केटपार्क झाला, तिथं शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही आणि मुलींना आधी नंबर असे नियम, आणि तिथले जे फोटो जगभर फिरले त्यात ट्रिकपेक्षा अनवाणी पाय आणि मागची घरं जास्त लक्षात राहतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 ला हा खेळ आल्यावर आपल्याकडं पण जरा हवा झाली.

मराठवाड्यात पार्क नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही, फोटोच्या हिशोबानं तर नाहीच. इथं बोर्ड काढला की पाच मिनिटात गर्दी जमते, चहावाला, शाळेतून सुटलेली पोरं, "पडशील बे" म्हणणारे काका, वॉचमन. बहुतेक जण ही गर्दी फ्रेमबाहेर काढायला खाली झोपून फिशआय लावतात. मी म्हणतो 35 मिमीची साधी, कमी वाकवणारी लेन्स घ्या, चार पावलं मागं सरका, काकांना राहू द्या. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथं पहाटे दुकानं उघडायच्या आधी नुसतं ढकलत जाणारं पोरगं काढलं तरी तो फोटो दुसऱ्या कुठल्या गावचा वाटणार नाही.

उजेडाचा प्रश्न मात्र खराय. एप्रिल-मे मध्ये अकरा ते चार सावली डोळ्यांच्या खोबणीत बसते, वर काळा बसाल्ट दगड मागं असला की कॅमेरा फसतो आणि चेहरा पांढरा करतो, थोडं एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) खाली ओढावं लागतं. महागडा फ्लॅश लगेच घ्यायची गरज नाही. वेरूळ-अजिंठ्याला लेण्यांत आतली चित्रं, मूर्ती दाखवायला बाहेरचं ऊन आरशानं नाहीतर चकचकीत पत्र्यानं आत टाकायची पद्धत जुनी आहे, तेच इथं चालतं. (लेण्यांत बोर्ड घेऊन जाऊ नका राव, पुरातत्त्ववाले सोडणार नाहीत, आणि सोडू पण नये.) गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा जमलेल्या गर्दीतल्याच एखाद्या पोराच्या हातात द्या, तो कुठं धरायचा ते दोन मिनिटात शिकतो.