घुबडाची पिल्लं आणि बालवाडीच्या गेटवरचं रडणं

जून उजाडला की बालवाडीच्या गेटवर तोच सीन आणि तोच फुकटचा सल्ला, "त्याचं लक्ष नाहीये तोवर सटका तुम्ही, रडेल थोडा वेळ आणि होईल गप्प." सांगणाऱ्या काकू मनाने चांगल्याच असतात, पण सल्ला साफ उलटा आहे.

चार महिन्यांचं बाळ कुणाच्याही कडेवर जातं आणि तेच आठ-नऊ महिन्यांचं झालं की आई नुसती बाथरूममध्ये गेली तरी भोकाड पसरतं. मग लाडावलंय म्हणा, नाहीतर नजर लागली म्हणून मीठमोहरी ओवाळा! खरं तर बाळ हुशार झालेलं असतं. नजरेआड झालेली आई कुठेतरी आहे हे त्याला आता कळतं, पण ती "कधी" येणार हे कळायला वेळेची समज लागते आणि ती यायला अजून काही वर्षं आहेत. रडू येतं ते या मधल्या फटीतून.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याचं सगळं काही मला पटत नाही, पण १९२० च्या पुस्तकात त्याने दीड वर्षाच्या नातवाचं जे लिहिलंय ते भारी आहे. हा पठ्ठ्या दोरा बांधलेलं लाकडी रीळ पडदेवाल्या खाटेच्या कडेवरून आत फेकायचा, "ओ-ओ-ओ" करायचा, म्हणजे गेलं, आणि दोरा ओढून रीळ बाहेर आलं की खूश होऊन "दा!" म्हणजे आलं. परत फेक, परत ओढ. आई बाहेर जाणं त्याच्या हातात नव्हतं, रीळ मात्र होतं.

चित्रांच्या पुस्तकात हेच होतं, फक्त दोऱ्याच्या जागी पान. मार्टिन वॅडेलचं 'आउल बेबीज', म्हणजे घुबडाची पिल्लं (१९९२, चित्रं पॅट्रिक बेन्सनची) बघा, रात्री तीन पिल्लं जागी होतात तर आई गायब, मोठी दोघं तर्क लढवतात की शिकारीला गेली असेल, आणि धाकटा बिल दर वेळी एकच वाक्य म्हणतो, आई पाहिजे. शेवटी आई येते. बस, एवढीच गोष्ट.

आता थोडं किचकट. मानसशास्त्रज्ञ कॅथरीन नेल्सन यांनी दाखवलं की तीनेक वर्षांच्या मुलाला अमुक दिवशी नेमकं काय झालं ते सांगणं जड जातं, पण पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींचा सामाईक सांगाडा, ज्याला त्या 'स्क्रिप्ट' म्हणतात, तो ते पटकन उचलतं आणि पुढे काय होणार याचा अंदाज त्यावरूनच बांधतं. टाटा, मग डबा, मग झोप, मग आई. खऱ्या आयुष्यात हे चक्र दिवसातून एकदाच फिरतं, मांडीवर बसून पुस्तक वाचताना दहा मिनिटांत तीनदा. म्हणून पोरगं "परत वाच" म्हणत असेल तर कंटाळा आला तरी वाचा. आणि सटकलात तर स्क्रिप्टची पहिली पायरीच उडते, मग ते घरीसुद्धा तुमचा पदर सोडत नाही.

पण आजोबा वारले असतील तर हे पुस्तक चालणार नाही, कारण यात आई परत येते. मानसशास्त्रज्ञ मारिया नॉज यांनी हंगेरीतल्या मुलांशी बोलून १९४८ मध्ये नोंदवलं होतं की पाचच्या आतली मुलं मरणाला झोप किंवा प्रवास समजतात. अशा मुलाला आपण "देवाघरी गेले", "तारा झाले" सांगतो आणि ते रास्त प्रश्न विचारतं, कधी येणार? तिथे आजोबांचं शरीर बंद पडलं, आता ते येणार नाहीत, असं सरळ सांगणारं पुस्तक लागतं, आणि तेही मूल "परत वाच" म्हणेल, कारण "येणार नाहीत" हेही एका वाचनात पचत नाही.