रस्ता बांधापाशी का थांबतो?

नाशिकच्या कडेला नव्या कॉलन्यांत हे हमखास दिसतं: नऊ मीटरचा गुळगुळीत रस्ता, दुतर्फा रो-हाउस आणि टोकाला तारेचं कुंपण. पलीकडे बाभळीचा बांध, शेजारच्या गटातली द्राक्षबाग, आणि बागेपल्याड दुसरी कॉलनी. तिथल्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. पण गाडीवर जायचं तर थेट हमरस्ता गाठून वळसा घ्यायचा.

जुनं नाशिक पायी चालणाऱ्यांनी घडवलं. तिवंधा, भद्रकाली, सराफ बाजार इथले बोळ हातगाडी अडेल इतके अरुंद, तरी एक अडला की दुसऱ्यातून निघता येतं. (रुंदी वेगळी आणि जोडणी वेगळी, रुंदीकरणाच्या घोषणा करणारे हे विसरतात.) अरुंदपणाची किंमतही शहराने मोजली आहे. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले.

शहराला लांब ओढलं रेल्वेने. स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर. १८८९ मध्ये मेनरोडवरून तिथवर घोड्यांची ट्राम सुरू झाली. पुढे सातपूर, अंबडला एमआयडीसी आली आणि सिडकोने नवीन नाशिक वसवलं. घरं इवलीशी, गल्ल्या चिंचोळ्या. पण नकाशा एकहाती, म्हणून गल्लीला गल्ली मिळते.

७ नोव्हेंबर १९८२ ला महापालिका झाली. नाशिकरोड, देवळाली, सातपूर आणि भोवतालची खेडी हद्दीत आली. क्षेत्र सुमारे २५९ चौरस किलोमीटर. मळ्यांचे बांध मात्र होते तिथेच राहिले. विकास आराखडा मोठे डीपी रोड आखतो. आतले रस्ते ज्याच्या त्याच्या लेआउटमध्ये. एकाने आज शेतजमीन एनए (बिगरशेती) करून प्लॉट पाडले, शेजाऱ्याने दहा वर्षांनी. दोघांचे रस्ते समोरासमोर येतीलच कशाला? डीपी रोडची जागा मोबदला, टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क), कोर्ट यांत अडकते, तोवर मध्ये घरं उभी राहतात. घर पाडून पुन्हा बांधलं जातं, रस्त्याची रेघ सहसा हलत नाही.

यावर कायद्यातला उपाय नगररचना योजनेचा: सगळ्यांच्या जमिनी एकत्र घ्यायच्या, बांध पुसायचे, आधी रस्ते आखायचे आणि मग प्रत्येकाला नव्या आकाराचा प्लॉट परत द्यायचा. स्मार्ट सिटीत मखमलाबाद-हनुमानवाडीच्या शिवारासाठी अशी योजना पुढे आली, तेव्हा शेतकऱ्यांनीच विरोध केला. सातबाऱ्यावरची जमीन देऊन हातात नेमकं किती येणार, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.