लघवीच्या कल्चर रिपोर्टमधला ‘एस’

लघवीच्या कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की नजर थेट औषधांच्या यादीवर जाते: ‘एस’ म्हणजे औषध त्या जंतूवर चालतं, ‘आर’ म्हणजे चालत नाही. पण रिपोर्ट बिघडतो तो बहुतेक वेळा बाटलीतच. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्यायचा. जागा पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत धरायची. बाटली दोन तासांत लॅबमध्ये पोचायला हवी. सत्तरी तालुक्यातल्या गावातून बसने फोंड्याला न्यायची आणि वाटेत गोव्याचा उकाडा, म्हणजे जंतू बाटलीतच वाढतात. उशीर होणार असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. रिपोर्टवर ‘मिक्स्ड ग्रोथ’ आलं तर बहुधा त्वचेवरचे जंतू मिसळलेत. त्यावर औषध ठरवू नये, नमुना पुन्हा द्यावा.

लॅबमध्ये 1 मायक्रोलीटरच्या लूपने, म्हणजे मापाच्या कडीने, लघवी जंतूंचं खाद्य असलेल्या प्लेटवर पसरतात. दुसऱ्या दिवशी जंतूंच्या 100 वसाहती, म्हणजे ठिपके, दिसल्या तर मिलिलीटरमागे एक लाख जंतू. बहुतेक वेळा हा जंतू म्हणजे आतड्यात राहणारा ई. कोलाय असतो. मग तो दुसऱ्या प्लेटवर पसरून औषधाच्या चकत्या ठेवतात आणि भोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. मोठं वर्तुळ म्हणजे जास्त जालीम औषध, हा समज चुकीचा आहे. ई. कोलायसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी निकषांत 20 मिलिमीटरचं वर्तुळ नायट्रोफ्युरँटॉइनला ‘एस’ ठरतं, सिप्रोफ्लॉक्सासिनला ‘आर’. प्रत्येक औषधाची पट्टी वेगळी.

आणि ‘एस’ असलेलं प्रत्येक औषध प्रत्येक रुग्णाला चालतं असंही नाही. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं, रक्तात आणि मूत्रपिंडाच्या ऊतींत पुरेसं नाही. नुसती जळजळ, वारंवार लघवी असेल तर ते उत्तम: साधारणपणे 100 मिलिग्रॅमची लांब असर करणारी गोळी दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर, पाच दिवस. लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली तर घाबरू नये. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं असेल तर हेच ‘एस’ निरुपयोगी. तिथे ऊतींत पोचणारं औषध लागतं, कधी शिरेतून. किडनीचं काम बरंच मंदावलं असेल तरीही ते टाळतात.

उन्हाळी लागली म्हणून डब्यातल्या उरलेल्या दोन गोळ्या गिळणं हा तर सगळ्यांत वाईट उपाय. जंतू मरत नाहीत, पण नंतरच्या कल्चरमध्ये सापडतही नाहीत.

त्रास काहीच नसताना कल्चरमध्ये जंतू निघाले, वयस्कर माणसांत हे नेहमीचंच, तर सहसा उपचार करत नाहीत. अपवाद गरोदर बाई आणि मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया.