घरी राइट केलेली डीव्हीडी अडकते तेव्हा: ‘बुकटाइप’च्या वादाची पार्श्वभूमी

जुन्या लग्नामुंजीच्या डिस्क हार्डडिस्कवर उतरवायला काढल्या की एक तक्रार हमखास येते: कॉम्प्युटरवर चालते, पण टीव्हीखालच्या प्लेअरवर ‘नो डिस्क’. दोष राइट करणाऱ्यावर जातो. माझ्या मते बऱ्याच वेळा तो बिचारा निर्दोष असतो. या तक्रारीचं मूळ २००२च्या सुमाराच्या एका भांडणात आहे.

त्याआधीचा व्हीसीडीचा, म्हणजे सीडीवरच्या व्हिडिओचा काळ थोडक्यात. १९९३मध्ये ठरलेल्या त्या मानकात चित्राला सेकंदाला फक्त ११५० किलोबिट मिळत, कमी नाही, जास्त नाही. वधूवरांवर अक्षता पडू लागल्या की एका फ्रेममध्ये शेकडो ठिपके हलतात, आणि तेवढ्यात ते बसत नाहीत. म्हणून नेमक्या मंगलाष्टकांना चित्राचे चौकोन होतात. असे चौकोन दर वेळी त्याच क्षणी, दुसऱ्या मशीनवरही दिसले, तर ते फाइलमध्येच आहेत. डिस्क पुसून उपयोग नाही. जागा बदलत असतील, तर प्लेअरला डिस्क नीट वाचता येत नाही.

राइट करता येणाऱ्या डीव्हीडीचा पहिला प्रकार, ‘डीव्हीडी-आर’, १९९७चा, ३.९५ जीबीचा, ४.७ जीबी नंतर आली. मग दुसऱ्या गटाने स्वतःचा प्रकार काढला आणि २००२मध्ये ‘प्लस आर’ (डीव्हीडी+आर) डिस्क बाजारात आल्या. पहिल्या गटाचं म्हणणं होतं की आमच्या नावातली आडवी रेघ म्हणजे फक्त जोडरेघ. पण समोर ‘प्लस’ उभा राहिल्यावर तिला कोण जोडरेघ म्हणणार? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापासून गावातल्या मोबाइलच्या दुकानापर्यंत ‘प्लस देऊ का मायनस?’ हाच प्रश्न रूढ झाला आणि मायनस म्हणजे काहीतरी कमी, असा समज पसरला. प्रत्यक्षात जुन्या प्लेअरवर मायनसच जास्त चालायची.

का, ते डिस्कच्या आतल्या कडेला दिसतं. चित्र सुरू होण्याआधीच्या पट्ट्यात चार बिटांचा एक कोड असतो, डिस्कची जात सांगणारा. त्यालाच बुकटाइप म्हणतात. छापील, म्हणजे कारखान्यातून भरूनच येणाऱ्या डिस्कचा ००००, मायनस आरचा ००१०, प्लस आरचा १०१०. प्लस येण्यापूर्वी बनलेल्या काही प्लेअरना १०१० म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. डेटा सुवाच्य असूनही ते दारातूनच परत पाठवत. मायनसमध्ये हा कोड कारखान्यातूनच पक्का येतो. प्लसमध्ये तो राइट करताना लिहिला जातो, म्हणून तिथे ०००० लिहून डिस्कला छापील म्हणून पुढे करता येतं. यालाच बिटसेटिंग म्हणतात.

यावरूनच वाद पेटला. विरोधकांचा आक्षेप: ही खोटी ओळख आहे, आणि कोड पाहून लेसर जुळवणाऱ्या मशीनची फसगत होईल. आक्षेप तत्त्वाला धरून आहे. तरी मला तो पटत नाही. प्लस आरचा परावर्तनाचा गुण छापील डिस्कच्या जवळचा असतो. अडचण वाचण्याची नव्हतीच, नाव ऐकून नाकारण्याची होती. काही ड्राइव्हवाल्यांनी ही सोय उघड दिली, काहींनी दिलीच नाही. ज्यांच्या ड्राइव्हमध्ये ती नव्हती, त्यांनी उगाच डिस्कच्या कंपन्या बदलल्या, गड्डीच्या गड्डी वाया घालवली. २००४मध्ये ८.५ जीबीची दोन थरांची प्लस डिस्क आली, तेव्हा बऱ्याच ड्राइव्हनी मुकाट्याने ०००० लिहायला सुरुवात केली. वाद तिथेच व्यवहारात निकाली निघाला.

पुन्हा पुन्हा राइट होणाऱ्या डिस्कची गोष्ट वेगळी. छापील एकथरी डिस्क ४५ ते ८५ टक्के प्रकाश परतवते, ही १८ ते ३० टक्केच. दोन थरांची डिस्कही एवढाच प्रकाश परतवते, म्हणून जुना प्लेअर तिला दोन थरांची समजून गोंधळतो. इथे कोड बदलूनही खात्री नाही.

नंतरच्या तक्रारी बहुतेक घाईच्या आहेत. १६एक्सने, म्हणजे सोळापट वेगाने राइट केलेल्या स्वस्त डिस्क बाहेरच्या कडेला आधी अडखळतात, म्हणून मुहूर्त छान दिसतो आणि पाठवणी अडकते. वर गणपतीचा कागदी स्टिकर वाकडा चिकटवला असेल, तर डिस्क फिरताना डगमगते. तो ओढून काढू नका, व्हीसीडी असेल तर चांदीसारखा थर सोबत निघू शकतो. ‘फायनलाइज’, म्हणजे इतर प्लेअरना वाचता यावी म्हणून शेवटी डिस्क बंद करणं, राहून गेलं असेल, तर ज्या रेकॉर्डरवर केली त्यावरच ते पूर्ण करून पाहा. आणि हात हलला की चित्र मागेपुढे थरथरत असेल, तर डिस्कला हातही लावू नका: कॅमेऱ्याच्या टेपवरून उतरवताना चित्राच्या सम-विषम ओळींचा क्रम उलटला आहे. मूळ टेप घरात असेल, तर ती शोधा.